दोनच खेळाडूंचें मैदान



१९८० सालीं अमेरिकेंत ‘एअरप्लेन!’ नांवाचा एक विनोदी चित्रपट निघाला. त्यांत विमानतळावरील नियंत्रण-कक्षाचें दृश्य आहे. संकटांत सांपडलेल्या विमानाकडे साऱ्यांचे डोळे लागावयाचे, अशा घटकेस रडारच्या पडद्यावर चक्क बास्केटबॉलचा खेळ चाललेला दिसतो. प्रेक्षागृहांत हंशा पिकतो आणि दृश्य पुढें सरकतें. तो खेळ त्या विनोदापुरता रचलेला नव्हता. १९७८ सालापासून तो अमेरिकेंतील दुकानांतून विकला जात होता. त्याचें नांव नुसतें ‘बास्केटबॉल’. अटारी कंपनीच्या घरगुती खेळयंत्रासाठीं तो ॲलन मिलर यांनीं लिहिला होता. हंसणाऱ्यांपैकीं पुष्कळांना कंपनीचें नांव ठाऊक असेल; मिलर यांचें नांव ठाऊक असण्याचा संभव फारच थोडा, कारण तें खोक्यावर कोठेंच छापलेलें नव्हतें.

व्हिडिओ गेमचा इतिहास सांगणारे लोक या खेळापाशीं फारसे थांबत नाहींत. बास्केटबॉलचा विषय निघाला म्हणजे ज्युलिअस अर्व्हिंग व लॅरी बर्ड यांना पडद्यावर आणणाऱ्या १९८३ च्या ‘वन ऑन वन’ची वाखाणणी करावयाची आणि तेथून १९९३ च्या ‘एनबीए जॅम’कडे वळावयाचें, असा प्रघात पडून गेला आहे. त्या खेळांचें कौतुक मला मान्य आहे. परंतु त्यांच्या आधींच्या या ओबडधोबड खेळाला इतक्या सहज ओलांडून जाणें मला अन्यायाचें वाटतें.

मूळ खेळाची कथा बहुतेकांस माहीत असेल. डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांना नऊ-नऊच्या दोन संघांत उभें केलें. पुढें संघ पांचांचा झाला. हा खेळ पडद्यावर आणूं पाहणाराला पहिलाच पेंच पडतो तो असा, कीं एवढीं माणसें दाखवावयाचीं कशीं? टेनिसला दोन फळ्या पुरतात. १९७२ सालच्या ‘पाँग’नें तेवढ्या सामग्रीवर लोकांना वेड लावलें. परंतु उंच टांगलेल्या टोपलींत चेंडू टाकणें ही हातांची आणि उडीची क्रिया आहे. ती फळीनें कशी दाखवावी?

या प्रश्नाला पहिलें उत्तर जपानच्या तैतो कंपनींतील तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७४ सालीं दिलें. नाणें टाकून खेळावयाच्या त्यांच्या यंत्रांत मायक्रोप्रोसेसर नव्हता. सारा कारभार विद्युन्मंडलांचा. तरीहि पडद्यावर फळ्यांच्या जागीं माणसांसारख्या आकृती अवतरल्या. मिडवे कंपनीनें परवाना घेऊन हा खेळ अमेरिकेंत विकला. हेच निशिकादो १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे जनक म्हणून जगभर गाजले, आणि त्या झगमगाटांत त्यांचें बास्केटबॉल दिसेनासें झालें. या खेळाच्या कपाळींच कांहीं तरी असें लिहिलेलें असावें.

आतां मिलर यांच्यापुढें कोणतें यंत्र होतें तें पाहूं. अटारीचें हें घरगुती यंत्र सप्टेंबर १९७७ मध्यें बाजारांत आलें. त्याची कामचलाऊ स्मृति १२८ बाइटांची, म्हणजे पोस्टकार्डावरील पत्ता कसाबसा मावावा एवढी. खेळाची सारी आज्ञावली दोन किलोबाइटांची. मी आतां आपणांपुढें जें भाषण करीत आहें, त्याचा निम्मा भागहि तेवढ्या जागेंत बसला नसता! यंत्र घडविणारांच्या डोळ्यांपुढें ‘पाँग’ आणि रणगाड्यांची झुंज असे दोनच खेळ प्रामुख्यानें होते. म्हणून त्यांनीं त्यांत हलत्या आकृती दोन, तोफगोळे दोन, चेंडू एक आणि मागें ठोकळ्यांची पार्श्वभूमि, एवढीच सामग्री ठेविली. आकृतीची रुंदी आठ ठिपके. आठ ठिपक्यांत डोकें, हात आणि पाय बसवून माणूस उभा करावयाचा.

अडचण एवढ्यावर संपत नाहीं. पडद्यावरील संपूर्ण चित्र सांठवून ठेवण्यास या यंत्रांत जागाच नव्हती. त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या कांचनळींत विद्युत्कणांचा झोत सेकंदाला साठ वेळां वरून खालपर्यंत ओळीमागून ओळ रंगवीत जाई. तो ज्या ओळीवर असेल, त्या ओळींत काय काढावयाचें तें आज्ञावलीनें त्याच क्षणीं सांगितलें पाहिजे. एका ओळीला प्रोसेसरचे अवघे ७६ ठोके. भरल्या पंगतींत हातीं एकच भांडें घेऊन निघालेल्या वाढप्याची ही स्थिति: कोणाला मीठ, कोणाला भात, पान येईल तसें वाढावयाचें, आणि क्षणभर रेंगाळलें कीं पंगत विसकटली. चेंडू कोठें पोंचला, टोपलींत पडला कीं नाहीं, हा हिशोब दोन चित्रांच्या मधल्या फटींत उरकावयाचा.

या कोंडींतून मिलर यांनीं जो मार्ग काढला, त्यांत मला खरी बुद्धि दिसते. दहा खेळाडूंची खोटी गर्दी करण्याच्या भरीस ते पडले नाहींत. त्यांनीं दोनच ठेविले, समोरासमोर. पंच नाहीं, प्रेक्षक नाहींत. त्यांनीं मैदान मात्र सरळ आयताचें न काढतां समलंब चौकोनाचें काढलें; त्यामुळें पडद्यावर वर जाणें म्हणजे दूर जाणें, खालीं येणें म्हणजे जवळ येणें, असा भास होतो. सपाट कांचेला अशी खोली आणून देणाऱ्या अगदीं आरंभींच्या खेळांत याची गणना होते. खेळाडू चहूं दिशांना हिंडतो, उडी मारतो, चेंडू फेंकतो; प्रतिस्पर्धी तो हिसकावून घेतो. जोडीदार नसला तर दुसऱ्या खेळाडूला यंत्र स्वतः चालवितें. अटारीच्या त्या वेळच्या खेळांत ही सोय विरळाच होती. शाळेच्या मैदानावर सुटी झाल्यावर मागें राहिलेले दोन मुलगे एकाच कड्याखालीं झुंजतात ना, तशा झुंजीची चुरस येथें प्रत्ययास येते. सांघिक खेळाची गंमत यांत नाहीं, हा आक्षेप खरा आहे; पण तो यंत्राच्या माथीं मारावा हें बरें.

असें काम करणाराला काय मिळत होतें? पगार. १९७६ सालीं अटारी ही वॉर्नर कम्युनिकेशन्सनें विकत घेतली होती, आणि १९७८ सालीं तिचीं सूत्रें कापडधंद्यांतून आलेल्या रे कासार यांच्या हातीं गेलीं. मिलर यांच्याप्रमाणेंच डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन व बॉब व्हाइटहेड यांच्याहि खेळांचा खप मोठा होता. पुस्तकाच्या लेखकाला मिळतो तसा मान आणि विक्रीचा वांटा आपणांस मिळावा, अशी या मंडळींची मागणी होती. कार्ट्रिज जुळविणारा कारखान्यांतील कामगार आणि तुम्ही यांचें महत्त्व सारखेंच, अशा अर्थाचें उत्तर कासार यांनीं दिल्याचें क्रेन यांनीं पुढें सांगितलें आहे. कासार यांची बाजू अगदींच पोकळ होती असें मी म्हणणार नाहीं. कारखाना, जाहिरात, दुकानें यांवांचून तो दोन किलोबाइटांचा खेळ कोणाच्या घरीं पोंचला असता? तथापि जुळविणाराच्या जागीं दुसरा माणूस बसविला तर तेंच कार्ट्रिज तयार होतें. मिलर यांच्या जागीं दुसरा बसविला तर तेंच मैदान तयार होत नाहीं. एवढा साधा भेद त्या कार्यालयांत कोणाच्या ध्यानीं येऊं नये, याचें नवल वाटतें.

वॉरन रॉबिनेट या दुसऱ्या एका सहकाऱ्यानें निराळाच उपाय केला. आपल्या ‘ॲडव्हेंचर’ खेळांत त्यानें एक गुप्त दालन ठेवून तेथें स्वतःचें नांव लपविलें. मिलर आणि त्यांच्या तिघा सोबत्यांनीं सरळ राजीनामे दिले. १९७९ सालीं जिम लेव्ही यांच्यासह त्यांनीं ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठीं स्वतंत्रपणें खेळ विकावयास आरंभ केला. तोंपर्यंत यंत्र ज्याचें, खेळहि त्याचेच, अशी समजूत होती. अटारीनें १९८० सालीं दावा लावला. तो १९८२ सालीं तडजोडीनें मिटला.

नव्या कंपनींत मिलर यांनीं १९८१ सालीं ‘आइस हॉकी’ नांवाचा खेळ केला. यंत्र तेंच, दोन आकृतींचें. परंतु एकच आकृति एका ओळीवर काढून झाली कीं खालच्या ओळींवर ती पुन्हां वापरतां येते, ही युक्ति एव्हांना हातीं बसली होती. या बर्फाच्या मैदानावर प्रत्येक बाजूला गोलरक्षक आणि चढाई करणारा, असे एकंदर चार खेळाडू उतरले. सोबतच्या पुस्तिकेंत खेळ जिंकण्याच्या सूचनाहि होत्या, आणि त्या कोणीं दिल्या तें नांव तेथें छापलेलें होतें: ॲलन मिलर.