चवदार तळ्याचे कागद



विहाराच्या स्मरणिकेला लेख द्या, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. उमेदीची वर्षे गिरणीच्या साचेखात्यात गेली. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. पण आमचे मूळ गाव महाड तालुक्यातले. आपल्या जिल्ह्याचा इतिहास कागदोपत्री कुठे सापडतो, याचा शोध आम्ही जमेल तसा घेतला, तो इथे मांडतो. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

चवदार तळ्याची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. आमची आजी एवढेच सांगायची. आम्हालाही वाटे, गोष्ट तिथेच संपली. कागद बघायला लागलो तेव्हा कळले की त्या ओंजळभर पाण्यासाठी पुढे दहा वर्षे कोर्टात भांडावे लागले.

सुरुवात आम्ही गॅझेटिअरपासून केली. आजचा रायगड जिल्हा म्हणजे पूर्वीचा कुलाबा. नाव १९८१ साली बदलले. कुलाबा आणि जंजिऱ्याचे गॅझेटिअर इंग्रज सरकारने १८८३ साली छापले. त्यात डोंगर, नद्या, पिके, बाजार, सगळे आहे. जातीजातीची वर्णनेही आहेत. त्यात आपली माणसे आहेत, पण कुणाच्या नावाने नाहीत, नुसती जात म्हणून आहेत. ते वाचून मन खट्टू झाले. मग एका जाणत्या कार्यकर्त्याने सांगितले, "गड्या, नावे पाहिजेत तर सरकारच्या फायली बघ."

मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ सालचे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा छाती धडधडत होती. आपल्याला आत घेतील की नाही हीच धास्ती. घेतले. पुढे कळले की बाबासाहेबांच्या चळवळीविषयीची सरकारी कागदपत्रे आणि वर्तमानपत्रांतील बातम्या महाराष्ट्र शासनाने १९८२ साली ग्रंथरूपाने छापल्या आहेत. त्यात पोलिसांचे गुप्त अहवालही आहेत. आपल्या सभांत कोण काय बोलले हे आपण लिहून ठेवले नाही, ते पोलिसांनी लिहून ठेवले! त्यांचा हेतू नजर ठेवण्याचा होता, पण आज आपल्याला त्याचाच आधार घ्यावा लागतो.

आता तळ्याच्या कागदांकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केले, पण कागदावरच. सत्याग्रह झाल्यावर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठरावही रद्द केला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तोच १२ तारखेला सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरती मनाई मिळवली. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण मनाई असताना तळ्यावर सत्याग्रह केला नाही.

वादींचे म्हणणे दोन तऱ्हेचे. एक, तळे खासगी मालकीचे आहे. दोन, अस्पृश्यांनी पाणी घ्यायचे नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. पहिला मुद्दा टिकला नाही, तळे नगरपालिकेचे ठरले. राहिली वहिवाट. तेव्हा प्रश्न आला, ही वहिवाट कधीपासूनची? पुरावा दाखवा. अस्पृश्यांना तिथे पाणी भरू देत नव्हते, हे कोर्टानेही मानले. पण ही चाल अनादि काळापासूनची आहे हे काही वादींना सिद्ध करता आले नाही. महाडच्या कोर्टात ८ जून १९३१ रोजी, ठाण्याच्या अपिलात ३० जानेवारी १९३३ रोजी आणि शेवटी मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी, तिन्ही ठिकाणी वादी हरले.

बंधू-भगिनींनो, इथे आम्हाला मोठा धडा मिळाला. "हे असेच चालत आलेय" हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी जन्मभर ऐकले आणि खरे मानले. बाबासाहेबांनी त्याला पुरावा विचारला आणि ते वाक्य उघडे पडले.

पण पुरावा आपल्यालाही विचारतात. आमच्या मुलीच्या जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला. घरात कागदाचा कपटा नाही. एका कचेरीत कारकून म्हणाला, "जुनी दप्तरे उंदरांनी खाल्ली." तिसऱ्या खेपेला कोतवाल बुकात नोंद सापडली. आजोबांचे नाव आणि पुढे जात. ज्या जातीच्या नावाने त्यांना पाणी नाकारले, त्याच नोंदीवर नातीचे शिक्षण पुढे गेले. ती नोंद मोडीत होती, आम्हाला वाचता येईना. दुसऱ्याकडून वाचून घेतली. आपल्या पोरांनी मोडी शिकावी ती यासाठी.

म्हणून हात जोडून विनंती आहे. आज घरी गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी काढा. वतनाचे कागद, शाळेचे दाखले, गिरणीचे हजेरी कार्ड, भाड्याच्या पावत्या, जुने फोटो यांतले काही रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे नावे लिहा, सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवर. आपल्या विहाराची इतिवृत्ते, वर्गणीची पावती पुस्तके, जागेचे कागद एका कपाटात नीट लावून ठेवा आणि एका तरुणाकडे त्याची जबाबदारी द्या. उद्या कुणी विचारले की हा विहार इथे कधीपासून, तर आपल्यापाशी पुरावा पाहिजे.

नमो बुद्धाय. जयभीम.