सूत्र, दृष्टांत आणि गाय

वऱ्हाडात इंग्रजी आली ती कापसाच्या मागोमाग. १८५३ साली निजामाने हा प्रांत कंपनीच्या हवाली केला. कचेऱ्या उघडल्या, पुढे आगगाडी आली आणि अमरावती-अकोल्याच्या हुशार पोरांना इंग्रजी शिकणे भाग पडले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तर रोजनिशीही इंग्रजीत लिहीत. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यातले विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी शेक्सपियरच्या ‘सिंबेलाइन’ला मराठी लुगडे नेसवून तिची ‘तारा’ केली. ही झाली मोठ्यांची गोष्ट. शेवटच्या बाकावरचे पोर मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्ये घोकीत राहिले. शब्दाला शब्द मिळाला. पण ‘बाबा, तुला सांगायचे आहे काय?’ हे त्याला कुणी विचारलेच नाही.

हा दोष माझ्याही पदरी आहे. १९६९ साली मी अकोल्याजवळच्या एका शाळेत मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत होतो. निबंधाला विषय कोणताही द्या, मुले फिरून ‘द काऊ’पाशी येत. चार पाय, दोन शिंगे, एक शेपूट! वाक्ये बिनचूक, पण एकाचे दुसऱ्याशी नाते नाही.

त्या नाताळात रिद्धपूरला जाणे झाले. अमरावती जिल्ह्यातले हे गाव म्हणजे महानुभावांची काशी. परतल्यावर केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’ उघडला. तेराव्या शतकाच्या अखेरचा ग्रंथ, पण मांडणी किती साधी! आधी चक्रधरस्वामींचे एक वचन, ते सूत्र. मग गोष्ट, तो दृष्टांत. त्या गोष्टीतून घ्यायचे काय, ते दार्ष्टांतिक. त्यातच जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट आली आणि मी चमकलो. माझी मुलेही गाय अशीच चाचपीत होती. सबंध गाय कुणालाच दिसत नव्हती!

शाळा उघडल्यावर एका कास्तकाराच्या पोराला म्हटले, “गाय राहू दे. तुले काय सांगायचं हाये?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग खालमानेने म्हणाला, “कापूस इकला तरी आमचं कर्ज फिटत नाही, जी.”

वर्ग हसला नाही. मी फळ्यावर लिहिले : सूत्र. “आता दृष्टांत सांग.” त्याने बापाची गाडी सांगितली, बाजारात दिवसभर उभी राहिलेली, सांजेला उतरल्या भावात रिकामी झालेली. “मग यातून घ्यायचं काय?”

“पिकवणारा एक, भाव करणारा दुसरा.”

इथवर सारे मराठीतच झाले. इंग्रजी त्यानंतर आली. सात वाक्ये, चार चुका; पण प्रत्येक वाक्य पहिल्याचा हात धरून उभे. त्या वहीवर लाल शाई फिरवायला माझा हात धजला नाही.

२००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत घरातले पोर इंग्रजी निबंध घेऊन बसले, तर शब्दकोश देण्यापूर्वी त्याला आपल्या भाषेत एवढेच विचारा, “तुला काय सांगायचं आहे?” आणि उत्तर येईपर्यंत थोडा धीर धरा.