मुद्रित परिपथ फलकाची उत्पादनसुलभता

मुद्रित परिपथ फलकाची (पीसीबी) उत्पादनसुलभता म्हणजे आराखड्यानुसार फलक कारखान्यात नेहमीच्या प्रक्रियांनी, कमीत कमी नग बाद होऊन बनवता येण्याचा गुण होय. तिची जबाबदारी आराखडाकार व उत्पादक यांच्यात विभागलेली असते. तयार फलकाची मापे व गुणधर्म आराखडाकार ठरवतो. ते कोणत्या प्रक्रियेने साधायचे हे उत्पादक ठरवतो.

आराखडाकाराची जबाबदारी

तांब्याच्या पथांची रुंदी, त्यांमधील अंतर, थरांची संख्या, तांब्याची जाडी आणि तयार छिद्रांचा व्यास ही आराखडाकाराची निवड असते. आरेखन प्रणालीतील नियमतपासणी (डीआरसी) आराखडा केवळ तिच्यात भरलेल्या नियमांशी ताडून पाहते. ते नियम उत्पादकाच्या क्षमतेशी जुळत नसतील, तर तपासणीत निर्दोष ठरलेला आराखडाही प्रत्यक्षात बनवणे अवघड जाते. उदाहरणार्थ, नको असलेले तांबे रसायनाने काढताना (एचिंग) ते पथांच्या कडांनाही झिजवते. त्यामुळे सुमारे ३५ मायक्रोमीटर जाडीच्या (एक औंस) तांब्यासाठी चालणारे अंतर दुप्पट जाडीसाठी अपुरे पडू शकते.

उत्पादकाची जबाबदारी

एचिंगमधील झीज गृहीत धरून पथ आधीच किंचित रुंद करणे, आतील मुलाम्यासाठी जागा राहावी म्हणून छिद्र मोठ्या ड्रिलने पाडणे आणि पॅनेलवर फलकांची मांडणी करणे ही उत्पादकाची कामे आहेत. यांमुळे तयार फलकाची मापे आराखड्याबरहुकूम राहतात.

सामाईक क्षेत्र

छिद्राभोवतीच्या तांब्याच्या वलयासाठी पॅडचा आकार आराखडाकार ठरवतो, तर छिद्र किती सरकेल हे उत्पादकाच्या यंत्रांवर अवलंबून असते. आयपीसी-६०१२ या मानकानुसार तिसऱ्या वर्गातील फलकांच्या बाह्य थरांवर मुलामा दिलेल्या छिद्रांभोवती किमान ५० मायक्रोमीटर वलय आवश्यक असते. दुसऱ्या वर्गात छिद्र काही अटींवर पॅडबाहेर जाणेही चालते. म्हणून वर्गाचा उल्लेख आराखड्यात करणे आवश्यक ठरते. तो नसल्यास दुसरा वर्ग गृहीत धरला जातो.

नियंत्रित प्रतिबाधेच्या पथांबाबत आराखडाकार मूल्य व सहनमर्यादा देतो, उदा. ५० ओहम, ±१० टक्के. दाबानंतर विद्युतरोधक थराची जाडी किती राहते याची माहिती उत्पादकाकडे असल्याने तो पथाच्या रुंदीत बदल सुचवतो. असा बदल आराखडाकाराच्या लेखी संमतीनेच करणे अपेक्षित असते.

विद्युत चाचणी

उत्पादक तयार फलकातील जोडण्या जोडणी-यादीशी (नेटलिस्ट) ताडून तपासतो. ही यादी गर्बर फायलींवरूनच काढली असल्यास त्या फायलींतील चूक चाचणीतही बरोबर ठरते आणि सदोष फलक उत्तीर्ण होतो. हे टाळण्यासाठी आराखडाकाराने आरेखन प्रणालीतून काढलेली स्वतंत्र यादी, उदा. आयपीसी-डी-३५६ स्वरूपात, द्यावी लागते. उत्पादनापूर्वी ती गर्बर फायलींशी ताडणे हे उत्पादकाचे काम असते. तफावत आढळल्यास ती परस्पर दुरुस्त न करता काम थांबवून आराखडाकाराकडे विचारणा केली जाते, कारण दोन्हींपैकी बरोबर कोणते हे उत्पादकाला ठरवता येत नाही.