तापीकाठचा खानदेश

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० आठवते. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी मात्र इथे आली ती पोटासाठी. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरला जोडली. पुढे यंत्रमाग वाढले आणि धुळे-जळगावची माणसे उधना, लिंबायतमध्ये स्थिरावली. मागावरच्या पगारातून शिल्लक टाकून कुणी पिठाची गिरणी घातली, कुणी काळ्या मसाल्याचे दुकान मांडले. १९९४ च्या प्लेगात शहर ओस पडले. त्यानंतरच्या मोहिमेत ते स्वच्छ झाले, रस्ते रुंदावले. आता जुन्या चाळींच्या जागी इमारती उठत आहेत. पक्के घर हवेच; पण ओट्यावरचा धंदा गेला, तर उधारीच्या वहीवर जुळलेला शेजारही जाईल. म्हणून पुनर्विकासाच्या कागदावर सही करताना खोल्यांइतकेच गाळ्यांचेही विचारू या.