सायकलचा चिमटा

दिघोरी हें भंडारा जिल्ह्यांतील, धानाच्या मुलुखांतलें गांव. अशा मुलुखांत पावसाळ्यांत चिखलावर पडलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या उन्हाळ्यांत दगडासारख्या टणक होतात, आणि त्यांवरून सायकल हांकणाराचीं मनगटें हिसक्यांनीं बधिर होतात. हे हिसके हातांपर्यंत येतात ते पुढचें चाक धरून ठेवणाऱ्या चिमट्यावाटें. यास्तव चिमट्याचा धातु बदलला कीं प्रवास सुखाचा होईल, ही समजूत स्वाभाविक आहे. ती कितपत खरी, हें सायकलचा इतिहासच सांगतो.

१८६० नंतर पॅरिसमध्यें पायट्यांच्या सायकली निघाल्या. चिमटा लोखंडी, चाकें लांकडी, आणि त्यांवर बैलगाडीप्रमाणें लोखंडी धाव! इंग्रजांनीं त्या वाहनास ‘हाडें खिळखिळीं करणारें’ असें नांव ठेविलें, तें यथार्थच होतें. पुढें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठीं हवा भरलेली रबरी धाव तयार केली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. चिमट्यास हातहि न लावतां प्रश्नाचा मोठा भाग सुटला.

चिमट्याची सुधारणा निराळ्या वाटेनें झाली. १८९७ सालीं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सनें टोंकांशीं जाड व मध्यें पातळ अशा पोलादी नळ्यांचें पेटंट मिळविलें. पोलादी चिमटा खालीं निमुळता होऊन पुढें वांकतो. हा बांक मुख्यतः सायकल नीट वळावी म्हणून असतो. तथापि बारीक टोंक किंचित् लवतें व थोडा कंप गिळतें. पोलादी सायकलींच्या त्या काळांत, १९२३ सालीं, मुंबईचे सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर तोडून १९२८ सालीं परतले.

अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एक तृतीयांश वजनाचें. त्याचा ताठपणाहि तितकाच कमी. मग त्याचा चिमटा मऊ असावा. प्रत्यक्षांत उलट घडतें. वारंवार लवल्यानें हा धातु थकून भेगाळतो, म्हणून नळ्या रुंद व जाड कराव्या लागतात, आणि चिमटा ताठ होतो. १९८० नंतरच्या दशकांत शर्यतीच्या सायकलींस कार्बनच्या तंतूंचे, राळेंत घट्ट केलेले चिमटे आले. ते हलके असतात व बारीक कंप बरेच शमवितात. परंतु तंतु कोणत्या दिशेनें व किती थरांत घातले, यावर तोच पदार्थ ताठ किंवा लवचिक ठरतो.

म्हणजे सुख केवळ पदार्थांत नसून घडणींत आहे. शिवाय रस्त्यावरच्या खड्ड्यांत टायर जितका दबतो, तितका यांपैकीं कोणताहि चिमटा लवत नाहीं. म्हणून खडबडीत वाटेच्या प्रवाशानें महागड्या चिमट्यावर पैसा घालण्यापूर्वीं चिमट्यांत मावेल तितका रुंद टायर घालून हवा जरा कमी ठेवून पाहावी. मात्र रिम जमिनीस टेकेल व ट्यूब चिरडेल, इतकी ती कमी नसावी.