आधी फाटक, मग पूल
चल पुलांवरील स्वयंचलित सुरक्षा फाटकांची रचना, इतिहास आणि मर्यादा

नदी, खाडी किंवा गोदीच्या मुखावरील पूल जहाजांना खालून जाता येईल इतका उंच बांधणे शक्य नसते, तेव्हा त्याचा काही भाग उचलता, फिरवता किंवा सरकवता येईल अशी योजना करावी लागते. अशा पुलाला चल पूल म्हणतात. जहाज पार होईपर्यंत त्यावरील रस्ता किंवा लोहमार्ग मध्येच खंडित झालेला असतो. या काळात वाहतूक अडविण्यासाठी पुलाच्या दोन्ही तोंडांशी जी फाटके बसविलेली असतात, त्यांची तुलना रेल्वे फाटकाशी करण्याचा मोह होतो. परंतु रेल्वे फाटकापलीकडचा रस्ता आपल्या जागी असतो. गाडी गेली की धोकाही जातो. चल पुलाच्या फाटकापलीकडे मात्र त्या वेळी रस्ताच नसतो. त्यामुळे या फाटकाला केवळ सूचना देऊन चालत नाही.

पुलांचे प्रकार आणि धोक्याची जागा

चल पुलांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. उचल पुलाचे, म्हणजेच बास्क्यूल पुलाचे, पाते प्रतिभाराच्या साहाय्याने एका टोकाभोवती वर उचलले जाते. लंडनचा १८९४ साली खुला झालेला टॉवर ब्रिज दोन पात्यांचा आहे. फिरता पूल मधल्या खांबाभोवती आडवा वळतो. उभ्या उचलीच्या पुलाचा मधला गाळा दोन मनोऱ्यांच्या मधून सरळ वर जातो.

फाटकाचे काम पुलाच्या प्रकारानुसार बदलते. एकपाती उचल पुलावर पाते ज्या तीरावर बसविलेले असते, त्या बाजूने येणाऱ्यासमोर उभे पाते भिंतीसारखे आडवे येते. समोरच्या तीरावरून येणाऱ्याला मात्र उघडे पाणीच सामोरे येते. फिरत्या पुलावर आणि उभ्या उचलीच्या पुलावर दोन्ही बाजू सारख्याच उघड्या पडतात. म्हणूनच भक्कम अडथळ्याची गरज सर्वांत आधी अशा ठिकाणी भासते.

नॉरवॉकची दुर्घटना

चल पुलावरील सुरक्षेचा प्रश्न प्रथम ऐरणीवर आणला तो रेल्वेने. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात नॉरवॉक येथे ६ मे १८५३ रोजी एक प्रवासी गाडी उघड्या फिरत्या पुलावरून थेट नदीत कोसळली आणि चाळीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. एक आगबोट पार होण्यासाठी पूल नुकताच उघडण्यात आला होता. पूल बंद असून मार्ग मोकळा आहे हे दर्शविण्यासाठी खांबावर तांबडा गोळा वर चढविण्याची तेथे पद्धत होती. गोळा वर नसणे म्हणजे धोका. दोरी तुटली तरी गोळा खालीच येणार, या दृष्टीने ही कल्पना शहाणपणाची होती. पण नसलेली वस्तू चालकाच्या लक्षात येईलच याची हमी कोण देणार? दुर्घटनेनंतर राज्याने कायदा करून प्रत्येक गाडीने चल पुलाआधी पूर्णपणे थांबलेच पाहिजे असे बंधन घातले.

पुलाच्या मागे धावणारे फाटक

रस्त्यांवरील पुलांवर सुरुवातीला पहारेकऱ्याने साखळी ओढायची किंवा हाताने फाटक लावायचे अशी व्यवस्था असे. पहारेकऱ्याच्या विसरभोळेपणावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वयंचलित फाटकांची कल्पना पुढे आली आणि अमेरिकेत तिच्यावर अनेक पेटंटे घेतली गेली. पूल फिरू लागला की त्याला जोडलेल्या दांड्याने किंवा साखळीने फाटक आपोआप आडवे यावे, असे त्यांतील अनेकांचे तत्त्व होते. वेगळा माणूस नको आणि वेगळी शक्तीही नको.

ही योजना चतुर असली तरी तिच्यात मूलभूत दोष होता. फाटक लागायचे ते पूल हलू लागल्यावर. म्हणजे वाहनाला सूचना मिळायची तीच धोका निर्माण झाल्यानंतर. शिवाय साखळी तुटली, तर फाटक उघडेच राही आणि पूल मात्र फिरत असे. फाटक पुलाचे आज्ञाधारक होते. पुलावर त्याचा काहीच अधिकार नव्हता. पुढील काळातील तंत्रज्ञांनी हे नाते उलटे केले. फाटक बंद झाल्याचा पुरावा मिळाल्याखेरीज पूल हलताच कामा नये, हे आजच्या सर्व व्यवस्थांचे मूळ सूत्र होय.

बंद फाटकही अपुरे पडते तेव्हा

तथापि केवळ फाटक बंद असणे पुरेसे नसते, हे दोन ट्रामगाड्यांच्या अपघातांनी दाखवून दिले. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १६ नोव्हेंबर १८९५ रोजी एक ट्राम उंच पुलाच्या उघडलेल्या भागातून खाली पडली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. बॉस्टनमधील समर स्ट्रीट पुलावर ७ नोव्हेंबर १९१६ रोजी प्रवाशांनी भरलेली ट्राम फाटक मोडून उघड्या पुलावरून पाण्यात गेली. त्यात ४६ जण दगावले. दोन्ही ठिकाणी फाटके लागलेली होती. पण ती ‘थांबा’ असे सांगणारी होती, थांबविणारी नव्हती.

या फरकामागे साधे गणित आहे. १,५०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तिच्या ठायी सुमारे १ लाख ४५ हजार ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. १२ टनांच्या बसमध्ये त्याच वेगाला ती आठपट होते. ही मोटार अर्ध्या मीटरमध्ये थांबवायची तर अडथळ्याला सरासरी २९ टन वजनाइतका जोर सोसावा लागेल आणि मोटारीतील माणसेही त्या धक्क्यातून सुखरूप वाचणे कठीण होईल. तीच मोटार सहा मीटरमध्ये थांबविली, तर हा जोर अडीच टनांच्या आसपास येतो.

म्हणून आज फाटकांचे दोन वर्ग मानले जातात. पहिले सूचक फाटक : लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवे लावलेला हलका दांडा. वाहन आदळल्यास तो सहज मोडावा अशीच त्याची रचना असते, कारण अडविणे हे त्याचे काम नाही. दुसरे रोधक फाटक. ते सूचक फाटक आणि पुलाचे उघडे टोक यांच्यामध्ये असते. पोलादी तुळई दोन्ही टोकांना कुलूपबंद करून किंवा ताणले जाणारे जाळे वा पोलादी दोर लावून ते वाहनाची ऊर्जा शोषून घेते. जाळ्याला ताणण्यासाठी जागा लागते. ती पुलाच्या उघड्या टोकाआधी शिल्लक ठेवावी लागते.

क्रम हेच संरक्षण

आधुनिक पुलावर ही सर्व साधने ‘इंटरलॉकिंग’ने एकमेकांशी बांधलेली असतात. जहाजाची मागणी आल्यावर प्रथम पिवळा आणि नंतर लाल दिवा लागतो, घंटा वाजू लागते. त्यानंतर पुलावर येणाऱ्या मार्गिकांची फाटके खाली येतात. पुलावरून बाहेर पडणाऱ्या मार्गिकांची फाटके मुद्दाम मागाहून लावली जातात, जेणेकरून आत सापडलेल्या वाहनांना निघून जाता यावे. पूल रिकामा असल्याची खात्री झाल्यावर ती आणि रोधक फाटके बंद होतात. मग पुलाची कुलपे निघतात आणि सर्वांत शेवटी गाळा हलविणाऱ्या मोटारीला वीज मिळते. पूल पूर्ववत बसल्यावर हाच क्रम उलट दिशेने पार पडतो. गाळा जागेवर बसून कुलूपबंद झाल्याशिवाय फाटके वर जात नाहीत.

प्रत्येक टप्प्यावर लिमिट स्विच हे छोटे साधन साक्षीदाराचे काम करते. फाटक खाली आणण्याचा हुकूम दिला गेला, एवढ्यावर यंत्रणा विश्वास ठेवत नाही; फाटक प्रत्यक्ष खाली आल्याचा संकेत तिला हवा असतो. तार तुटली किंवा वीज गेली, तर संकेत मिळत नाही आणि पूल जागीच थांबतो. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे यामागील तत्त्व आहे.

या साखळीची जागा एकट्या माणसाच्या सावधानतेने घेतली की काय होते, याचे उदाहरण टॉवर ब्रिजवर ३० डिसेंबर १९५२ रोजी घडले. बदलीवर असलेल्या पहारेकऱ्याकडून घंटा आणि फाटक यांची कामगिरी पार पडली नाही. ७८ क्रमांकाची दुमजली बस पुलावर असतानाच तिच्याखालील पाते उचलले जाऊ लागले. चालक अल्बर्ट गंटर यांनी प्रसंगावधान राखून वेग वाढविला आणि बस समोरच्या, अद्याप न उचललेल्या पात्यावर उडी घेऊन उतरली. प्राणहानी टळली. गंटर यांना दहा पौंडांचे बक्षीस मिळाले.

रेल्वेचे अदृश्य फाटक

रेल्वेगाडी दांड्याने अडत नाही. तेथे फाटकाची जागा सिग्नल, कुलपे आणि गाडी मुद्दाम रुळांवरून उतरविणारी साधने घेतात. गाळा बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल हिरवा होऊ शकत नाही. पण अंतराचा हिशेब येथेही सुटत नाही. अमेरिकेत न्यूअर्क उपसागरावरील उचल पुलावर १५ सप्टेंबर १९५८ रोजी एक उपनगरी गाडी धोक्याचे सिग्नल ओलांडून गेली. गाडी उतरविणाऱ्या साधनाने आपले काम केले, तरीही ती वेगाच्या जोरावर पुढे घसरत जाऊन पाण्यात पडली. ४८ जणांना जलसमाधी मिळाली.

भारतात या प्रकारचा सर्वांत परिचित पूल तामिळनाडूतील पांबन येथील होय. रामेश्वर बेटाला जोडणारा जुना रेल्वे पूल १९१४ मध्ये खुला झाला. त्याची शेर्झर पद्धतीची दोन पाती कामगार हाताने यंत्रे फिरवून उघडीत. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेल्यास सिग्नलद्वारे गाड्या थांबविण्याची व्यवस्था तेथे होती. त्यावरील रेल्वे वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबविण्यात आली. शेजारी उभारलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले, त्याचा ७२.५ मीटर लांबीचा गाळा १७ मीटरपर्यंत सरळ वर उचलला जातो. तेथील रस्त्याचा पूल १९८८ पासून स्वतंत्र, उंच आणि स्थिर असल्याने मोटारींसाठी फाटकाची गरजच उरलेली नाही. चल पुलाच्या धोक्यावरील सर्वांत खात्रीचा, पण सर्वांत खर्चिक उपाय हाच आहे.

फाटकांच्या आत राहिलेला माणूस

इंटरलॉकिंगला फाटकाची स्थिती समजते. फाटकांच्या आत कोण आहे, हे ती आपण होऊन जाणत नाही. अलीकडील दुर्घटना नेमक्या याच त्रुटीकडे बोट दाखवितात. नेदरलँड्समधील झानदाम शहरात २०१५ मध्ये दूरनियंत्रित पुलाच्या बंद फाटकांच्या आत एक सायकलस्वार महिला राहिली. कॅमेऱ्याच्या चित्रांत ती पूलचालकाच्या नजरेस आली नाही, पूल उचलला गेला आणि तिचा पडून मृत्यू झाला. त्याच शहरातील दुसऱ्या पुलावर २०१८ मध्ये पुन्हा जीवितहानी झाली. या प्रश्नाची चौकशी डच सुरक्षा मंडळाने केली. अमेरिकेत मिलवॉकी येथे ऑगस्ट २०२२ मध्ये दूरनियंत्रित पुलावर एक वृद्ध पादचारी असाच बळी पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे एका वृद्ध महिलेचा अंत झाला, तेव्हा तर चालक पुलावरील खोलीतच होता. म्हणजे दोष केवळ दूरनियंत्रणाचा नाही.

वेळेचा हिशेब येथे निर्णायक ठरतो. दोन फाटकांमधील अंतर ६० मीटर असेल, तर सेकंदाला १.२ मीटर चालणारा मनुष्य ते ५० सेकंदांत पार करील. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला ७५ सेकंद लागतील. यंत्रणेची मुदत पहिल्या माणसाच्या चालीवर बेतली असेल, तर दुसरा माणूस शेवटची २० मीटर वाट उरली असतानाच फाटकांत कोंडला जाईल. मोटारींची चाहूल घेण्यासाठी रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी धातू ओळखतात. पायी चालणाऱ्याची दखल ती घेत नाहीत. त्यासाठी आंधळे कोपरे न ठेवणारे कॅमेरे, रडार किंवा उष्णतेवरून माणूस ओळखणारी साधने आणि पूल हलण्यापूर्वी स्वतंत्रपणे द्यावयाची ‘पूल रिकामा’ ही पुष्टी आवश्यक ठरते. ही पुष्टी देणारे बटण सवयीने दाबले जाऊ लागले, की तिचा अर्थ संपतो.

दुसरी कसोटी असते ती बगल देण्याच्या स्विचची. एखाद्या उतावळ्या वाहनाने दांडा मोडला, तर संकेत मिळत नाही आणि पूल उघडत नाही. समोरून येणारे जहाज तर क्षणात थांबू शकत नाही. अशा वेळेसाठी इंटरलॉकिंग तात्पुरते बाजूला सारण्याची सोय ठेवावीच लागते. तिची किल्ली कोणाकडे असावी, वापराची नोंद कशी व्हावी आणि मोडलेला दांडा किती दिवसांत बदलला जावा, यांची उत्तरे यंत्रात सापडत नाहीत. ती पूल चालविणाऱ्या संस्थेच्या शिस्तीत असतात. ज्या पुलावर हा स्विच रोजच्या वापराचा होतो, तेथील फाटके पुन्हा पुलाची आज्ञाधारक झालेली असतात, मग ती कितीही आधुनिक असोत.