कामाची पाळी कोण लावतो?

कामगारांच्या जगात दोन प्रश्न सर्वांत जुने आहेत: काम कोणाला मिळणार आणि केव्हा मिळणार. मजुरीचा प्रश्न त्यांच्या मागून येतो. ज्याच्या हाती कामच आले नाही, त्याने मजुरीचे भांडण मांडावे तरी कोणाशी? संघटनेच्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु अनेक संगणकांत कामे वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा इतिहास आमच्याच धंद्याच्या शेजारचा आहे.

१९५६ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी २६ एप्रिल रोजी माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. पेटीत काय आहे, हे चढविणाऱ्याने जाणण्याची गरज उरली नाही. आणि पुढे जगभरच्या गोद्यांत माल हाताने चढविणाऱ्या टोळ्यांचीही गरज ओसरत गेली. त्याच वर्षी जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांच्या लोकांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक कार्यक्रम तयार केला. एक काम संपताच दुसरे आपोआप सुरू व्हावे, एवढेच त्याचे काम. तोपर्यंत दोन कामांच्या मध्ये ते महागडे यंत्र रिकामे बसत असे. आमच्या मते यंत्राच्या दाराशी उभा राहिलेला हा पहिला मुकादम.

पुढे यंत्रे स्वस्त झाली. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग व बेकर यांनी १६ साधी यंत्रे जोडून 'बेवुल्फ' नावाचा समूह उभारला. यंत्रे अनेक आणि मागणारे त्याहून अनेक. तेव्हा वाटप करणारा हवाच. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी 'स्लर्म' ही व्यवस्था जन्मली ती यासाठी. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' महासंगणकावरही हीच व्यवस्था कामे वाटते.

दुसरा प्रवाह पेटीचा. १९७९ च्या युनिक्समध्ये एखाद्या कार्यक्रमाला त्याच्यापुरती वेगळी खोली देण्याची सोय झाली. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक गटाचा शिधा मोजून देण्याची सोय आली, आणि २०१३ साली 'डॉकर' आले. डॉकर म्हणजे गोदी कामगार! बंदरातल्या कामगाराला दूर सारणाऱ्या पेटीने नाव मात्र त्याचेच घेतले.

आता या दोन प्रवाहांचा संगम पाहू. मोठ्या समूहावर नियम लावण्यापूर्वी ते आपल्या लहानशा यंत्रावर पारखून पाहावेत, म्हणून लोक स्लर्मला कंटेनरमध्ये सुरू करतात. येथे अडचण अशी की साध्या यंत्रावर सर्व सेवांना जागे करणारा एक वडीलधारा कार्यक्रम असतो. कंटेनरमध्ये बहुधा तो नसतो. तेथे एकच पहिला कार्यक्रम असतो, आणि तो संपला की कंटेनरही मिटतो. म्हणून सेवा क्रमाने उठवाव्या लागतात.

प्रथम 'मंज' हा ओळख पटविणारा पहारेकरी. सर्व यंत्रांपाशी त्याची किल्ली एकच हवी, आणि ती परक्याला वाचता येत असेल तर तो कामावर येण्यासच नकार देतो. त्याने दिलेला परवाना सामान्यतः पाच मिनिटे चालतो. म्हणून सर्वांची घड्याळेही जुळली पाहिजेत. हिशेब ठेवायचा असेल, तर मग खतावणी आणि तिचा कारकून. त्यानंतर मुख्य नियंत्रक. त्याच्या नियमपत्रात यंत्राचे नाव लिहिलेले असते. पण कंटेनरला नाव ठरवून दिले नाही तर दर नव्या कंटेनरला भलतेच नाव पडते, आणि नियंत्रक स्वतःलाच ओळखत नाही. शेवटी प्रत्यक्ष काम करणारे हस्तक. शिधा मोजण्याची सत्ता कंटेनरबाहेर असल्याने ते पुष्कळदा येथेच अडतात. सारे जुळले की यादीत यंत्रापुढे 'आयडल' हा शब्द उमटतो: रिकामा, कामास हजर.

या शब्दापाशी आम्हाला थांबावेसे वाटते. मुंबईच्या गोदीत एके काळी टोळीवाला सकाळी माणसे निवडी. ज्याला घेतले नाही त्याला कारण विचारण्याची सोय नव्हती. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला, आणि त्याखालील योजनांनी नोंदणी व पाळीने काम आणले. हजर राहूनही काम न मिळालेल्या नोंदलेल्या कामगाराचा भत्ताही मान्य केला. यंत्र रिकामे बसले तर मालकाचा पैसा बुडतो. माणूस रिकामा बसला तर त्याची चूल विझते. हा भेद कोणत्याही नियमपत्रात आपोआप येत नाही. तो भांडून लिहून घ्यावा लागतो.

स्लर्मची एक गोष्ट मात्र आम्हाला मनापासून आवडते. रांगेत खोळंबलेल्या प्रत्येक कामापुढे तेथे कारण लिहिलेले असते: साधने मोकळी नाहीत, किंवा तुमच्या आधी दुसऱ्याचा हक्क आहे. हक्क कशावरून ठरला, तेही विचारता येते: किती वेळ वाट पाहिली, काम किती मोठे, आणि पूर्वी आपल्या वाट्याहून अधिक घेतले की काय. ज्याने नुकतेच पुष्कळ घेतले त्याने मागे सरावे, असा नियम घालता येतो. लहान काम मधल्या फटीत पुढे घेता येते, पण पुढच्या मोठ्या कामाला त्यामुळे उशीर होता कामा नये.

म्हणजे निर्जीव कामाला जे उत्तर मिळते, तेवढे तरी जिवंत माणसाला मिळावे, ही मागणी अवास्तव म्हणता येईल काय? आज मोबाईलवरून काम मिळविणाऱ्या कित्येक तरुणांना आजची फेरी दुसऱ्याला का गेली हे कळत नाही. यंत्राला ते सांगता येत नाही, असे कोणी म्हणू लागला तर ते मानू नका. सांगता येते, वीस वर्षांहून अधिक काळ सांगितले जात आहे. प्रश्न यंत्राचा नाही, नियमपत्र कोण लिहितो आणि ते कोणाला वाचता येते, याचा आहे.